माहेरची बोली, सासरचा गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परमुलुखात गेलेल्या माणसाने आपले रीतिरिवाज जपावेत, की तिथल्या लोकांत मिसळून जावे? हा प्रश्न मोठमोठी माणसे सभांतून चर्चितात. पण आपणा बायकांना तो नवा नाही. सासरी गेलेली प्रत्येक मुलगी तो आपल्यापरीने सोडवीतच असते. आपल्या कागलपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. संकेश्वर-गोकाककडून आलेली सून वर्षभरात आपल्यासारखी मराठी बोलू लागते. म्हणून ती माहेरच्या माणसांशी कानडी बोलायचे सोडते काय? आणि तिने केलेली शेंगापोळी आपण आवडीने खातोच ना!

याचा मोठा दाखला तंजावरचा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे राज्य स्थापले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी मराठीत नाटके लिहिली, तशी तेलुगूतही लिहिली. पुढे सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. देऊळ चोळ राजांचे, मुलूख तमिळ, अक्षरे मराठी! तंजावरच्याच एका मुलीचे १८८० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी लग्न झाले. त्या चिमणाबाई महाराणी. मराठ्यांची लेक खरी. पण सासरी येताना तिच्याबरोबर तमिळ मुलखातले नर्तन आले.

तंजावरचे राज्य १८५५ साली इंग्रजांनी खालसा केले. राजाश्रय गेला, तरी तिकडच्या काही घरांतून मराठी आजही बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द पुष्कळ आहेत, असेनात! मुले बाहेर तमिळ बोलली म्हणून ती बोली बुडाली नाही. घरात आईने बोलणे टाकले, तर मात्र ती बुडेल. म्हणून माझे म्हणणे असे की, बाहेर गावची भाषा मनापासून शिकावी आणि घरात आपली सोडू नये.

आता आपल्या दाराशी पाहू. पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला उत्तरेकडून माणसे आली आहेत. त्यांच्या बायका भाड्याच्या खोल्यांत राहतात. “आधी मराठी शिका, मग बोलवू,” असे आपल्यातल्या काहीजणी म्हणतात. पण भगिनींनो, कोणी बोलविलेच नाही तर त्यांनी मराठी शिकावी कोणाकडून? नव्या सुनेला आपण आधी घरात घेतो, मग घरची रीत शिकवितो.

तेव्हा माझी सूचना अशी: येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना घरी जाऊन आमंत्रण द्यावे, आणि आठवड्यातून एक दुपार मंडळात त्यांना मराठी लिहा-वाचायला शिकवावे. त्यांनी घरी आपली छठपूजा करावी, गाणी म्हणावीत. त्याने आपल्या मराठीचे काही उणे होणार नाही. उलट बोलणाऱ्या चार वाढतील.