एक सही राहिली होती

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिक गटातर्फे केलेले भाषण. वेळेअभावी राहिलेला थोडा मजकूर इथे घातला आहे.)



दूध आटेपर्यंत बोला, असं सचिवांनी बजावलंय. विषय दिला होता 'बँकेतल्या गमतीजमती'. त्या मी दर कोजागिरीला सांगतो आणि तुम्ही दर कोजागिरीला हसता, तेव्हा यंदा माफी असावी. आज मला वेगळंच बोलायचं आहे. बदनाम गुन्हेगाराची मुलं पोरकी झाली तर त्यांना वाढवायचं कुणी? कोजागिरीला हा कसला विषय, असं वाटेल. का निवडला ते ओघात येईलच.

गोष्ट अमेरिकेतली आहे. ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग हे न्यूयॉर्कचं जोडपं. अणुबॉम्बची गुपितं रशियाला पोचवण्याच्या कटात ते दोषी ठरले आणि 19 जून 1953 रोजी सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर बसवलं. ज्युलियस हेरगिरीत होता हे पुढे त्याच्या मुलांनीही मान्य केलं. एथेलचा दोष कितपत होता यावर आजही वाद आहे. पण मला त्या खटल्यात शिरायचं नाही. त्यांना दोन मुलगे होते. मायकेल दहा वर्षांचा, रॉबर्ट सहा वर्षांचा.

1950 साली आईबापांना पकडलं तेव्हापासून या मुलांची वरात सुरू झाली. आधी आईच्या आईकडे, म्हणजे आजोळी. आता आजोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? इथे उलटं. एथेलविरुद्ध साक्ष देणारा तिचा सख्खा भाऊच होता, त्यामुळे ते घर मुलांना परकंच झालं होतं. आजीनं त्यांना ठेवून घेतलं नाही. मग ब्रॉंक्समधलं बालगृह. मग वडिलांची आई सोफी त्यांना घेऊन आली. ती म्हातारी, तिला दोन मुलांमागे धावणं झेपेना, म्हणून न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर गावी कुटुंबाच्या स्नेह्यांकडे पाठवलं. तिथे जरा रुळतायत तोवर शाळेनं त्यांना काढलं. कारण दिलं की मुलं गावची रहिवासी नाहीत, नियमात बसत नाही.

हे 'नियमात बसत नाही' लक्षात ठेवा. त्यावर मला पुन्हा यायचं आहे.

बाकीचे नातेवाईक घाबरलेले होते. नोकरी जाईल, शेजारी बोलणार नाहीत, ही भीती त्या काळी खरीच होती. शेवटी 1953 च्या नाताळात डू बॉइस या कृष्णवर्णीयांच्या विद्वान नेत्याच्या घरी मुलांची गाठ एबल आणि ॲन मीरोपोल या जोडप्याशी पडली. एबल पूर्वी शाळामास्तर, आणि गाणी लिहिणारा. बिली हॉलिडे या गायिकेनं गाजवलेलं 'स्ट्रेंज फ्रूट' त्याचंच. रोझेनबर्गशी नात्याचा धागासुद्धा नाही. त्यांची स्वतःची दोन बाळं जन्मतःच गेलेली. त्यांनी ही दोन मुलं घरी आणली.

संपलं का? नाही. महिना-दोन महिन्यांत, फेब्रुवारी 1954 मध्ये, पोलीस दारात. तक्रार अशी की मुलांचा राजकारणासाठी आणि वर्गणी गोळा करायला वापर होतोय. मुलांच्या नावानं वकिलानं निधी उभा केला होता हे खरं. बँकवाल्याची नजर म्हणून सांगतो, अज्ञान मुलाच्या नावच्या पैशाचा हिशेब कुणीतरी मागितलाच पाहिजे, त्यात गैर नाही. पण हिशेब मागायला मुलं उचलून न्यावी लागत नाहीत. त्यांना पुन्हा संस्थेत टाकलं. मग कोर्टकचेरी, मग पुन्हा आजी सोफी, आणि तिच्याकडून हळूहळू मीरोपोलांच्या घरी. 1957 मध्ये रीतसर दत्तक. मायकेल अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. रॉबर्ट वकील झाला आणि 1990 साली त्यानं आपल्यासारख्या, आईबापांच्या चळवळीपायी होरपळलेल्या मुलांसाठी निधी काढला.

आपल्याकडे कायदा आज त्या काळच्या मानानं बरा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार असं मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जातं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी घर शोधायचं, नातेवाइकांचं किंवा परक्याचं. मुलाची ओळख जाहीर करायची नाही. बालसंगोपन योजनेत राज्य सरकार सांभाळणाऱ्याला दरमहा 2,250 रुपये देतं. मी स्वतः आधी नातेवाइकांकडेच बघीन, पण त्यांना मनापासून हवं असेल तरच. लोकलाजेखातर ठेवून घेतलेलं मूल जेवताना ताटाकडे कसं बघतं, ते मी आमच्या गावी पाहिलंय. त्यापेक्षा मीरोपोलांसारखा परका बरा.

कुणी म्हणेल, काका, ज्यांची घरं त्या गुन्हेगारानं उद्ध्वस्त केली त्यांच्या मुलांचं काय? प्रश्न रास्त आहे. त्यांचा हक्क पहिला. पण त्यांचं येणं या मुलाच्या खात्यात नावे टाकता येत नाही. आम्ही वसुली खात्यात होतो तेव्हाचा साधा नियम: कर्जदार वारला तर वारसाकडून वसुली फक्त वारशात आलेल्या मालमत्तेपुरती. त्याच्या स्वतःच्या कमाईला हात लावायचा नाही. आणि हे काही इंग्रजांनी शिकवलेलं नाही. बापाचं कर्ज मुलानं फेडावं, असं बजावणारं आपलं जुनं धर्मशास्त्रसुद्धा जुगाराचं देणं, दारूचं देणं आणि बापाला झालेला दंड यांतून मुलाला मोकळं करतं. दंड, बघा. जो मनूनेही मुलाकडून मागितला नाही, तो आपण मागतो. फाटकापाशी.

आता ती गोष्ट. बारा वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत एक फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. एक आजी बघायला आल्या, बरोबर नऊ-दहा वर्षांचा नातू. मुलाच्या बापाचं नाव तेव्हा रोज पेपरात होतं, तो मारला गेला होता. आई आधीच गेलेली. आजींची पोलीस पडताळणी स्वच्छ, अनामत रक्कम तयार. पण आपला ठराव आहे की नव्या भाडेकरूला दोन सभासदांची लेखी शिफारस हवी. तळमजल्यावरच्या एका बाईंनी सही केली. त्या आज हयात नाहीत. दुसरी सही हवी होती. मी खजिनदार, आजी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा जिन्यात उभा होता, आपल्या नोटीस बोर्डावरचं वाचत होता, मोठ्यानं.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

छत्तीस वर्षं नोकरी केली. किती कागदांवर सह्या केल्या असतील, लोकांच्या लाखांच्या कर्जांवर. या एका सहीला मला विचार करायचा होता. घरी हिच्याशी बोललो. ही म्हणाली, "अहो, करा की, पोरगं आहे ते." तरी आठवडा गेला. लोक काय म्हणतील, मुलांचे क्रिकेटचे गट, रात्री फाटकापाशी कोण येईल, सगळं डोक्यात. मालकानं तेवढ्यात दुसरा भाडेकरू घेतला. आजींना निरोप गेला की नियमात बसत नाही.

मी नाही म्हटलेलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. तो मुलगा आता बावीसेक वर्षांचा असेल. कुठे आहे, मला माहीत नाही.

तो दोन सह्यांचा ठराव अजून आपल्या इतिवृत्तात तसाच आहे. पोलीस पडताळणी आणि नोंदणीकृत करार पुरे आहे, शिफारशीची अट काढावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेसाठी सचिवांकडे दिला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. कागद माझ्याकडेच आहे, दूध पिऊन झालं की ज्याला सही करायची असेल त्यानं यावं. पेन आहे.