बाबांची ८००, आमचं भांडण आणि समृद्धीचा रस्ता

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण मायलेज आणि फीचरवाला रिव्ह्यू नाही. आमच्या घरात दिवाळीपासून जे भांडण चाललंय, ते तुम्हाला सांगतो.

गाव बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ. दारात एमएच २९ पासिंगची पांढरी मारुती ८००, २००८ ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा बाबांनी तिचं रजिस्ट्रेशन हौसेनं रिन्यू करून घेतलं. आता आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला ठरलं आणि बाबा म्हणाले, "धामणगावातून समृद्धीवर चढू, भुर्रकन नागपूर!"

मी म्हटलं, "बाबा, या गाडीनं समृद्धीवर नाही जायचं."

झालं! "काहून? अबे, पत्रा पाय याचा. तुमच्या नव्या गाड्या म्हणजे निरा पापड."

हे वाक्य तुमच्याही घरी ऐकलं असेल. आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर तर हा कायदाच आहे. अँबॅसिडर म्हणजे रणगाडा, सुमोसारखी गाडी पुन्हा होणे नाही, आणि आताचं सगळं प्लास्टिक. पोरांचा गट वेगळा, त्यांना स्क्रीन आणि सनरूफ पाहिजे. (यवतमाळच्या मे महिन्यात सनरूफ उघडून काय कुरड्या वाळवायच्या?)

तर पत्र्याचं बघू. मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो. टाटा नेक्सॉन बाराशेच्या वर जाते. म्हणजे ज्या गाडीच्या जाड पत्र्यावर आमचं घर पैज लावतं, ती नव्या गाडीच्या जवळपास निम्मी! बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "वजनाचं सोड, दणकट हाये."

बरं, दणकट म्हणजे काय? अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते. त्यांनी २००९ मध्ये दोन शेवरोले गाड्या एकमेकींवर आदळवल्या, १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मालिबू. व्हिडिओ यूट्यूबवर आहे, मी बाबांना मोबाइलवर दाखवला. बेल एअर म्हणजे लोखंडाचं धूडच. पण तिची केबिनच चेपली, स्टीअरिंग आत घुसलं, ड्रायव्हर वाचला नसता. मालिबूचं नाक पार चुरडलं, पण केबिन जागेवर राहिली, आतल्या पुतळ्याला मार बसला तो पायाला. नव्या गाडीचं नाक मुद्दाम तसं बनवलेलं असतं. धक्का तिनं खायचा, म्हणजे तो छातीपर्यंत पोचत नाही.

अर्थात नवी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ग्लोबल एनकॅपनं २०१४ मध्ये भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळवल्या, पाचही शून्य स्टार. त्याही तेव्हा शोरूममध्ये चकचकीतच उभ्या होत्या. पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन, डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणून मॉडेलचं वर्ष बघून थांबू नका, स्टार बघा.

बाबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग म्हणाले, "अठरा वर्षं झाली, काही झालं का?"

खरंय, काही झालं नाही. एकदा बाजारात कापसानं भरलेल्या ट्रॉलीनं घासलं, तर मिस्त्रीनं हातोडीनं ठोकून दोनशे रुपयांत दरवाजा सरळ केला. पुण्यात माझ्या मित्राच्या नव्या गाडीचा बंपर पार्किंगच्या खांबाला लागला, आत सेन्सर होते, बिल पस्तीस हजार. या बाबतीत बाबा शंभर टक्के बरोबर.

पण ती अठरा वर्षं गेली बाभुळगाव ते यवतमाळ, शेत आणि लग्नकार्यांत. वेग पन्नास-साठ. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. त्यात बारा इंची चाकं, एअरबॅग नाही, एबीएस नाही, तापलेलं सिमेंट आणि टायर आठ वर्षांचे. आमची गाडी होती तशीच आहे, रस्ता बदलला. आणि मागच्या सीटवर आई असणार होती. हे बोललो तेव्हा बाबा गप्प झाले. रागावले की पटलं, कळलं नाही. मलाही जरा जास्त बोललो असं वाटलं.

शेवटी आम्ही गेलो ८०० नेच, पण कळंब-देवळी-वर्धा रस्त्यानं, टायर बदलून, मी चालवत. आईचा डोळा आता छान आहे.

परतल्यावर बाबा स्वतःहून म्हणाले, चल, शोरूम पाहू. यवतमाळला गेलो. सेल्समन सनरूफ दाखवत होता. बाबा ड्रायव्हर सीटवर बसले, डोळे मिटले आणि हातानं एसीचं बटण चाचपायला लागले. सापडेना, कारण ते स्क्रीनच्या आत होतं. "रस्त्यावर पाहू का टीव्हीत पाहू?" सेल्समन हसला, पण युरो एनकॅपनंही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपरसारख्या गोष्टींना खरी बटणं असली तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी टपरीवर चार दिवस तेच चालवलं.

सध्या यादीत दोन गाड्या उरल्यात, दोन्ही पाच स्टार, दोन्हीत एसीला गोल नॉब. ८०० विकायची नाही, हे आईनं आधीच सांगून टाकलंय. ती शेतावर जाईल.