दोन्ही बाजूंचे कागद



भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या पश्चिमेला, सातपुड्याच्या एका सोंडेवर आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि तिथे कैदखाना झाला. आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी कैद्यांना प्यावे लागे आणि त्यानेच ते मरत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे. ते कैदी कोण होते, कोणाच्या बाजूने लढले होते, हे ती नोंद सांगत नाही. मला आज बोलायचे आहे ते अशाच न नोंदलेल्या माणसांबद्दल.

गोंडांचे हे राज्य भोसल्यांच्या हाती आले ते घरच्या यादवीतून. बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान वारल्यावर घराण्यातल्याच वली शाहने गादी बळकावली. चांद सुलतानची राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून पहिल्या रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजींनी वली शाहचा पाडाव केला आणि राणीच्या मुलांना, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह यांना, गादी मिळवून दिली. मग याच दोन भावांत बिनसले. रघूजी बुऱ्हाण शाहच्या बाजूने उभे राहिले. अकबर शाहला राज्य सोडून हैदराबादकडे जावे लागले. बुऱ्हाण शाहकडे राजेपणाचा मान तेवढा उरला आणि १७४३ पासून नागपूरचा कारभार भोसल्यांचा झाला.

तीस वर्षांत तीच पाळी भोसल्यांवर आली. १७७२ मध्ये रघूजींचे पुत्र जानोजी निपुत्रिक वारले. भाऊ मुधोजी यांच्या मुलाला, दुसऱ्या रघूजींना, दत्तक घ्यायचे त्यांच्या मनात होते. पण जानोजींचे दुसरे भाऊ साबाजी यांनीही सत्तेवर हक्क सांगितला. नागपूरची फौज दुभंगली. पुणे दरबार, राघोबादादा, निजाम, सगळे आपापल्या सोयीने या भांडणात उतरले. शेवटी २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे लढाई झाली आणि मुधोजींच्या गोळीने साबाजी पडले. भावाने भावाला मारले आणि राज्याचा निकाल लागला.

या यादवीचे कागद आज कुठे आहेत? नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. त्याचा मोठा दरवाजा तेवढा उरला. पण भांडणात पुणे दरबार गुंतला होता, म्हणून त्यासंबंधीची पत्रे पुण्याला जात राहिली आणि पेशवे दप्तरात सांभाळली गेली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. त्यातला विसावा खंड नागपूरकर भोसल्यांचा आहे. एका गावचा कागद नष्ट झाला तरी दुसऱ्या गावी त्याचा धागा मिळतो, हे आपल्याला या खंडाने दाखवले आहे. डिजिटल संग्रहाचे काम तेच आहे: कागदाची प्रत एकाच छपराखाली राहू द्यायची नाही.

पण दरबारी दप्तरांत आवाज उमटतो तो मुख्यतः दरबारांचा. वली शाहच्या बाजूने लढलेला गोंड सरदार, साबाजींच्या फौजेतला शिलेदार, दोन्ही फौजांना चारा-दाणा पुरवून नागवलेला पाटील, यांचे कागद राहिले असतील तर ते घराघरांत. जुन्या पेटीतली इनामाची सनद, वतनाचा तंटा मिटवणारा महजर, घोडे मेल्याबद्दल भरपाई मागणारा अर्ज, देवघरामागे ठेवलेली कट्यार, हे सगळे यादवीचे साक्षीदार आहेत. ज्यांनी कागदच लिहिला नाही, त्यांच्या आठवणी गाण्यांत असतात. गोंडांच्या वंशावळी आणि पराक्रम परधान समाजाची मंडळी किंगरी या तंतुवाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या गात आली आहेत. तो आवाज ध्वनिमुद्रित करणे हेही कागद जपण्याइतकेच मोलाचे काम आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाने १९९० च्या दशकात ‘द व्हॅली ऑफ द शॅडो’ नावाचा डिजिटल संग्रह उभा केला. तिथल्या यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध उभे ठाकलेले दोन जिल्हे त्यांनी निवडले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. दोन्हीकडची पत्रे, रोजनिशा, वर्तमानपत्रे, जनगणनेच्या नोंदी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. जिंकलेल्यांचा आणि हरलेल्यांचा कागद एकाच मापाने वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा विचार मला आपल्या विदर्भासाठी अगदी योग्य वाटतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेऊन परत आणली. हे उत्तम झाले. मात्र त्या तलवारीसमोर ज्यांच्या तलवारी चालल्या, त्यांच्या वस्तूंची साधी छायाचित्रेही आपल्याकडे नसावीत, हे बरे नाही.

घराघरांतले कागद आणि वस्तू टिपण्याचे काम अवघड नाही, पण नीट केले पाहिजे. कागदाची घडी सावकाश उलगडा, ताणू नका. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. खिडकीच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, वरून सरळ छायाचित्र घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. पाठची बाजूही टिपा, कारण तिथे अनेकदा तारीख, शिक्का किंवा पोच असते. रुमालात बांधलेले कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवा. तलवार-कट्यार चिंच-लिंबाने घासू नका. मुठीवरची अक्षरे जातात. प्रत्येक वस्तूबरोबर चार गोष्टी लिहा: ती कोणत्या गावची, कोणत्या घराण्याकडे होती, तिच्याबद्दल घरात काय सांगतात आणि हे कोणी सांगितले. या नोंदीवाचून चित्र मुके राहते. छायाचित्रांच्या तीन प्रती करा आणि एक तरी दुसऱ्या गावी ठेवा. मूळ वस्तू तुमचीच राहील, घरातच राहील.

त्यानंतर वाचनाचे काम येते. या कागदांची मोडी लिपी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत. तुमसर, मोहाडी, भंडारा इथल्या महाविद्यालयांनी मोडीचे वर्ग चालवावेत आणि विद्यार्थ्यांकडून या छायाचित्रांचे देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे. पुराभिलेख संचालनालयाचे नागपुरात कार्यालय आहे. जाणत्यांचा सल्ला तिथे मिळू शकेल.

आंबागडच्या पायथ्याच्या गावांना माझी विनंती आहे. यंदाच्या दिवाळीत घर आवरताना जुनी पेटी उघडाल, तेव्हा वाचता न येणारा एकही कागद रद्दीत टाकू नका. आधी त्याचे छायाचित्र घ्या, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल विचारा.