एक वीट, एक मोहोर
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात 'साधर्मिक आवास आणि घरासाठी अर्ज' या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आपल्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली. या काळात झालेल्या धर्मकार्याचा आढावा इतर वक्त्यांनी घेतला आहे. माझ्याकडे सोपविलेला विषय पुढच्या काळाचा आहे. समाजातील गरजू कुटुंबांना परवडेल असे घर संस्थेमार्फत मिळावे, या विचाराला आता चालना मिळाली आहे. अशा घरासाठी अर्ज कसा करावा आणि आलेला अर्ज कसा तपासावा, एवढ्याच मर्यादेत मी बोलणार आहे.

मांडवगडची कथा आपण सर्वांनी व्याख्यानातून ऐकलेली आहे. आज मध्य प्रदेशात असलेले हे नगर एके काळी वैभवशाली होते. तेथे जैनांची लाख घरे होती आणि बाहेरून एखादा निर्धन साधर्मिक आला की प्रत्येक घर त्याला एक वीट आणि एक मोहोर देत असे, असे परंपरा सांगते. विटांनी घर उभे राही आणि मोहोरांनी व्यापार. अशीच कथा अग्रवाल समाजात अग्रोह्याविषयी सांगितली जाते. आकड्यांची चिकित्सा इतिहासकारांनी करावी. मला त्या कथेतील व्यवस्था महत्त्वाची वाटते. देणाऱ्याला एका विटेचा भार नव्हता. घेणाऱ्याच्या डोक्यावर कोणा एका शेठचे उपकार नव्हते. सर्वांनी सारखे दिले, म्हणून त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. नगरात पाऊल ठेवताच तो बरोबरीचा नागरिक झाला. आपल्या योजनेचे मोजमाप याच गजाने व्हावे, अशी माझी विनंती आहे.

आश्रय देणे आपल्या समाजाला नवीन नाही. मुंबईत १८३४ साली शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ स्थापन झाली. मुक्या जनावराच्या डोक्यावर छप्पर असावे ही काळजी आपल्या पूर्वजांनी त्या काळी वाहिली. गावोगावी धर्मशाळा, उपाश्रय, भोजनशाळा उभ्या राहिल्या. धर्मशाळेत मात्र यात्रेकरूने चार दिवस राहून पुढे जायचे असते. ज्याला कायमचे छप्पर नाही, त्याचा विचार त्या मानाने मागे राहिला.

इतर समाजांनी या बाबतीत घालून दिलेले दोन धडे अभ्यासण्यासारखे आहेत. पहिला सारस्वतांचा. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत राहण्याच्या जागेचा प्रश्न बिकट झाला होता. पुढे रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली. मुंबईतील ती पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. तेथे दानाचा प्रश्न नव्हता. मध्यमवर्गीय नोकरदारांनी भाग घेऊन, हप्ते भरून आपली घरे आपणच उभी केली. दुसरा धडा पारशी समाजाचा. जेरबाई वाडिया यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या पतीच्या स्मरणार्थ समाजातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहती बांधण्याचे कार्य आरंभिले. लालबागची नवरोज बाग आणि भायखळ्याची रुस्तम बाग ही त्यांतील नावे. तेथे मालकी विश्वस्त निधीची आणि राहण्याचा लाभ कुटुंबाचा.

या दोन पद्धतींतील भेद अर्जदाराने प्रथम समजून घ्यावा. सहकारी संस्थेत तो सभासद होतो, भाग घेतो आणि त्याचा हक्क वारसाकडे जातो. धर्मादाय संस्थेच्या घरात त्याला अटींसह वास्तव्य मिळते, मालकी मिळत नाही. अर्ज करतानाच ही गोष्ट मनाशी स्पष्ट असेल तर वीस वर्षांनी कोर्टकचेरी करण्याची वेळ येत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ साली पोहोचली आणि तिच्या सोबतीने आपल्या परिसरातील बाजार वाढले. तानसा आणि भातसा येथील धरणांतून मुंबईची तहान भागते ती याच तालुक्यातून. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि येथील जमिनीकडे पाहण्याची सर्वांची नजरच बदलली. ज्याच्याजवळ जागा आहे तो सुखावला. ज्याच्याजवळ नाही, त्याच्यासाठी स्वतःचे घर आणखी दूर गेले.

आपल्या समाजात असे कोण आहेत? दुसऱ्याच्या दुकानात मापे घेणारे, वह्या लिहिणारे, पहाटेच्या कसारा लोकलने कल्याण-ठाण्याला जाऊन रात्री परतणारे, पापड-खाखरे करून संसार चालविणाऱ्या विधवा भगिनी, मुलांचा आधार नसलेली वृद्ध जोडपी. शासनाच्या योजना आहेत, पण ही कुटुंबे त्यांच्या मधल्या फटीत सापडतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशात घरासाठी केंद्र व राज्य मिळून १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य आहे आणि घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. परंतु बांधायला जागा हवी, आणि आयकर किंवा व्यवसाय कर भरणारे कुटुंब त्यातून वगळले जाते. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशासाठी २०२२ पासून वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अत्यल्प गटाला सहा लाख आणि अल्प गटाला नऊ लाख रुपये आहे. तेथे क्रमांक लागणे नशिबाचा भाग, आणि लागला तरी घराची रक्कम उभी करावीच लागते. तरीही ज्यांना या योजना लागू पडतात, त्यांनी प्रथम तेथे अर्ज करावा. संस्थेची घरे थोडी असणार. ज्याला अन्य मार्ग नाही, त्याच्यासाठी ती राखली जावीत.

निधीविषयी एक गोष्ट स्पष्ट करतो. शास्त्रात सात क्षेत्रे सांगितली आहेत: जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. देवद्रव्याचा एक पैसाही घरांकडे वळविता येणार नाही. श्रावक-श्राविका क्षेत्राचा वेगळा निधी, वेगळी पावती आणि वेगळे खाते असावे. कायद्याची चौकटही तितकीच कडक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकणे, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे, यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जागा घेताना सातबारा नीट पाहावा. आदिवासी बांधवांच्या जमिनीच्या हस्तांतरणावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे निर्बंध आहेत, आणि निर्बंध नसते तरी दुसऱ्याचे घर उठवून बांधलेले घर आपल्याला शोभले नसते. लाभ केवळ आपल्या समाजापुरता ठेवायचा की सर्वांना खुला, हे आपल्या घटनापत्रातील उद्दिष्टे पाहून आणि करसल्लागाराला विचारून ठरवावे, कारण आयकराच्या सवलतीवर त्याचा परिणाम होतो.

आता अर्जदारासाठी. आधारकार्ड, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची वर्षभराची नोंद, सध्याच्या जागेचा भाडेकरार किंवा भाडेपावती, मुलांच्या शाळेचे दाखले, विधवा भगिनी असल्यास पतीचा मृत्यूदाखला, कुटुंबात आजारी किंवा अपंग व्यक्ती असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र. या सर्वांच्या प्रती आजच एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात. अर्जात कर्ज लपवू नये, तसेच गावाकडील वडिलोपार्जित हिस्साही लपवू नये. खोटी माहिती देऊन मिळविलेले घर म्हणजे आपल्याहून गरजू साधर्मिकाच्या वाट्याचे अदत्तादान होय. आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांनी संकोचाने मागे राहू नये. 'लोक काय म्हणतील' या भीतीने ओल आलेल्या खोलीत मुलांना वाढविणे हा त्याग नव्हे.

येथे माझ्या व्यापारी बंधूंना एक गोष्ट सांगणे भाग आहे. उत्पन्नाच्या पुराव्यापाशी दुकानातील माणसाचा अर्ज अडतो, कारण आपल्यापैकी अनेक जण पगार रोख देतात आणि त्याची चिठ्ठी देत नाहीत. वीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाजवळ आपल्या नोकरीचा एकही कागद नसतो. मग त्याला बँक कर्ज देत नाही, सोडतीचा अर्ज भरता येत नाही, आणि संस्थेपुढेही तो केवळ तोंडी शब्दावर उभा राहतो. आवास निधीला देणगी देण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या माणसाचा पगार बँकेत जमा करण्यास प्रारंभ करावा आणि त्याला नोकरीचा दाखला द्यावा. त्याला काही खर्च लागत नाही. आपली पहिली वीट हीच.

आता अर्ज तपासणाऱ्यांसाठी. लहान गावात सर्वांना सर्वांची माहिती असते. ही सोय आहे आणि धोकाही. घरे पाच आणि अर्ज तीस आले तर पंचवीस कुटुंबे नाराज होणार, हे गृहीत धरूनच चालावे. त्यांना नकार पचेल, पण पक्षपात पचणार नाही. म्हणून निकष आणि गुण आधी लेखी ठरवावेत आणि अर्ज मागविण्यापूर्वी उपाश्रयाच्या फलकावर लावावेत. उत्पन्न, माणशी उपलब्ध जागा, भाड्याचा बोजा, आजारपण, कमावत्या व्यक्तीचा अभाव असे ते असावेत. देणगी किती दिली, बोली कोणी घेतली, घराणे कोणते, यांना गुण नसावेत. विश्वस्ताच्या नात्यातील अर्ज आला तर त्याने त्या बैठकीतून उठून जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. घरी पाहणीला दोघांनी जावे, त्यांत एक भगिनी असावी. नकार द्यायचा असल्यास कारणासह लेखी द्यावा. प्रतीक्षा यादी अर्जक्रमांकाने लावावी, नावाने नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाभार्थ्याला व्यासपीठावर बोलावून चावी देतानाचा फोटो काढू नये. दात्याचे नाव संगमरवरावर कोरावे, त्यास हरकत नाही. घेणाऱ्याचे नाव मात्र कपाटातील वहीत राहावे. गुप्तदानाचा महिमा आपण जाणतो, गुप्तपणे घेण्याची सोयही आपणच केली पाहिजे. उद्या त्या घरातील मुलगी लग्नाला येईल तेव्हा तिची ओळख 'ट्रस्टच्या घरातली' अशी होऊ नये.

घर दिल्यानंतरचा करार हा अखेरचा मुद्दा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर, म्हणजे येथे संस्थेवर आहे. 'घरचीच माणसे, कागद कशाला?' असे म्हणणे प्रेमाचे वाटते, पण पुढच्या पिढीसाठी ते भांडणाचे बीज ठरते. मासिक आकार अल्प असावा, पण असावा. फुकटाच्या घराची गळती कोणी कळवीत नाही. पोटभाडेकरू ठेवू नये. आणि मुलगा कमावता झाला, परिस्थिती सुधारली, म्हणजे रांगेतील पुढच्या कुटुंबासाठी घर मोकळे करावे. ही अट सर्वांत कठीण आहे, मी जाणतो. लागलेला जीव सोडवत नाही. म्हणून संस्थेने प्रत्येक कुटुंबाचे एक बचत खाते पहिल्या महिन्यापासून उघडून घ्यावे, म्हणजे घर सोडण्याच्या दिवशी त्याच्या हाती पुढच्या घराची सुरुवातीची रक्कम असेल. मांडवगडच्या मोहोरेचे आजचे रूप ते हेच.

बंधू-भगिनींनो, वाणिज्याचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी म्हणून मी ताळेबंदाच्या भाषेत विचार करतो. मंदिर, उपाश्रय, पाठशाळा ही आपल्या पन्नास वर्षांची जमेची बाजू आहे. ज्या साधर्मिकाला आज रात्री 'पुढच्या महिन्यात खोली खाली करा' असे सांगितले जाईल, तो आपल्या येणे बाजूस कोठेच दिसत नाही, कारण तो आपले देणे आहे. पुढच्या पन्नास वर्षांत ते फेडण्यास आरंभ करू या. घर थोडे लहान झाले तरी चालेल, निधीला थोडा वेळ लागला तरी चालेल. मात्र अर्ज हाती घेऊन येणारा माणूस ज्या ताठ मानेने दाराशी आला, त्याच ताठ मानेने परत गेला पाहिजे, मग घर मिळो वा न मिळो.