काचेची नळी आणि 20 मिनिटे



शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत घोणस चावल्यास आधी दवाखाना गाठावा,
कारण तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते,
आणि ते ओळखणारी चाचणी तिथे होते.

कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन
ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात, मग तिरपी करतात;
रक्त ओघळले, तर प्रतिविष, म्हणजे विष निष्प्रभ करणारे औषध, सुरू होते.

मण्यार मात्र फसवी.
तिचा दंश सहसा सुजत नाही, नळीतले रक्तही गोठते,
पण पापण्या जड होऊ लागतात;
म्हणून इथेही आधी दवाखानाच.

लाल विंचवावरचा उपाय कोकणातलाच:
महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर वापरले,
आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत
प्रतिविषाची जोड मिळालेले रुग्ण अधिक लवकर सावरले.