डिझेल सेडान : किंमत एकदा, खर्च दहा वर्षं

 

मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. इंजिनिअर नाही, साधा पदवीधर आहे. पण सैन्यात गाड्यांचा हिशेब जवळून पाहिला. तिथे प्रत्येक गाडीची डायरी असते. किती किलोमीटर चालली, किती तेल प्याली, काय बदललं, सगळं लिहायचं. आणि एक दिवस असा येतो की दुरुस्तीचा खर्च परवडेनासा होतो. मग कितीही आवडती गाडी असली तरी ती ताफ्यातून काढून टाकतात. तिथे गाडीवर माया करत नाहीत, हिशेब करतात. घरच्या गाडीचं आपण नेमकं उलटं करतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की घरच्या गाडीचीही अशी डायरी ठेवावी, आणि तिचं पहिलं पान गाडी घेण्याआधी लिहावं.

विषय आहे डिझेलवर चालणारी कुटुंबाची सेडान. निवृत्त होणारे जवान, जेसीओ आणि त्यांची मुलं मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात, "साहेब, डिझेल घेऊ का? अॅव्हरेज चांगलं देते म्हणतात."

आधी बाजार कसा बदलला ते पाहू. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे मात्र २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या चार वर्षांत दोन्हींच्या भावात मोठी दरी पडली आणि घराघरात डिझेल गाडी आली. "डिझेल म्हणजे बचत" हे वाक्य त्या काळातलं आहे. दरी कमी झाली, वाक्य मात्र तसंच राहिलं.

मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल इंजिनाचा धूर त्या मापात बसवायला बराच खर्च येतो. मारुतीने तेव्हाच डिझेल बंद केलं. स्लाविया आणि व्हर्टस पेट्रोलमध्येच आल्या. २०२३ मध्ये नवी व्हर्ना डिझेलशिवाय आली आणि होंडा सिटीचं डिझेलही त्याच वर्षी थांबलं. म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातली नवी डिझेल सेडान आज शोरूममध्ये जवळजवळ मिळतच नाही. प्रश्न उरतो तो जुन्या गाडीचा. म्हणून हिशेब आणखी नीट करायला हवा, कारण पहिल्या मालकाने वापरून झाल्यावरचा खर्च तुमच्या वाट्याला येणार असतो.

आता एक खरा हिशेब सांगतो. साताऱ्याकडचे एक सुभेदार, निवृत्तीनंतर मुलाजवळ बडोद्याला स्थायिक झाले. पेन्शन विकून आलेली एकरकमी रक्कम हातात होती. त्याच रकमेतून धाकट्या मुलीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. त्यांच्यासमोर एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन जुन्या गाड्या होत्या. डिझेलवाली पेट्रोलवालीपेक्षा ७५ हजारांनी महाग. एजंटाचं म्हणणं, "दोन वर्षांत वसूल होईल."

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, एजंटाचं राहू द्या. तुमची गाडी वर्षाला किती चालणार ते सांगा."

नातवाची शाळा, बाजार, दवाखाना मिळून रोज साधारण १२ किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६००. गावाकडे दोन खेपा, जाऊन-येऊन प्रत्येकी तेराशे, म्हणजे २,६००. वर आठशे किरकोळ. एकूण ७,०००.

पेट्रोल गाडी लिटरला १४ आणि डिझेल १९ किलोमीटर देते असं धरलं. कंपनीच्या कागदावरचा आकडा धरू नका, आपल्या रस्त्यावरचा धरा. गुजरातेत पेट्रोल ९५ आणि डिझेल ९० रुपये असं ढोबळ धरलं तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ७९ पैसे आणि डिझेलचा ४ रुपये ७४ पैसे. फरक दोन रुपये पाच पैसे. सात हजार किलोमीटरला वर्षाची बचत १४ हजारांच्या थोडी वर. म्हणजे ७५ हजार वसूल व्हायला पाच वर्षं हवीत, तीही एकही मोठी दुरुस्ती निघाली नाही तर.

तीच गाडी महाराष्ट्रात चालवली तर? पेट्रोल १०४, डिझेल ९१ धरा. फरक किलोमीटरला २ रुपये ६० पैशांच्या वर जातो. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून ही दरीही वेगळी. पुण्याच्या मेव्हण्याचा हिशेब बडोद्यात लागू पडत नाही. आपल्या गावच्या पंपावरचे भाव घेऊन बसा.

आता दुरुस्तीकडे येऊ. डिझेल इंजिनात दणकटपणा असतो, तो मी डोंगरात पाहिला आहे. पण हल्लीच्या इंजिनात उच्च दाबाचा पंप, इंजेक्टर, टर्बो असे नाजूक आणि महाग भाग असतात. भेसळीचं किंवा पाणी असलेलं डिझेल गेलं की आधी इंजेक्टर आणि पंपाला मार बसतो. काही मॉडेलांत टायमिंग बेल्ट ठरलेल्या अंतराला बदलावाच लागतो. काहींत क्लचबरोबर फ्लायव्हीलचंही काम निघतं. यातल्या एकेका कामाचं बिल पाच आकडी होऊ शकतं. सुभेदारांची दोन-तीन वर्षांची बचत अशा एका बिलात जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आणखी एक गोष्ट. डिझेल इंजिनाला लांब पल्ला मानवतो. बीएस-६ गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ हायवेच्या वेगाने सलग चालावी लागते. रोज दोन किलोमीटर शाळा आणि तीन किलोमीटर भाजी असं चाललं की फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुन्या बीएस-४ गाडीतही धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह याच कारणाने काजळतो. ज्या घरात गाडी मुख्यतः गावात फिरते, तिथे डिझेल म्हणजे हवाबदलाला न्यावं लागणारं आजारी माणूस.

मग डिझेल घ्यायचंच नाही का? तसं मुळीच नाही. माझ्या ओळखीचा एक तरुण औषध कंपनीत आहे. बेळगावहून हुबळी, कोल्हापूर, निपाणी, महिन्याला २,२०० किलोमीटर. कर्नाटकात पेट्रोल १०३, डिझेल ९१ धरलं तर त्याची वर्षाची बचत ६५ हजारांच्या वर. शिवाय गाडी हायवेला, म्हणजे इंजिन खूश. त्याने डिझेल घेतलं आणि योग्य केलं. गाडी तशीच, उत्तर वेगळं, कारण वर्षाचे किलोमीटर वेगळे.

आता कागदपत्रांचा खर्च. आपल्यासारख्या राज्याराज्यांत विखुरलेल्या लोकांनी हे नीट ऐकावं. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. जुन्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स, आणि जुन्या राज्याकडून परतावा मागण्याच्या फेऱ्या. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलसाठी ११ टक्के आणि डिझेलसाठी १३ टक्के कर आहे. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते म्हणून उचलणाऱ्याने ही रक्कम आधी किमतीत मिळवावी.

जे अजून नोकरीत आहेत, सैन्यात, सरकारी खात्यात किंवा चार राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत, त्यांच्यासाठी २०२१ पासून बीएच नोंदणी आहे. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्क्यांचा दर आणि डिझेलला २ टक्के जास्त. बदलीच्या माणसाला ही मोठी सोय आहे.

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या मंडळींनी आणखी एक पाहावं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात आला आणि आदेश बदलले. गाडी घेताना त्या दिवशीचा नियम काय आहे ते पाहा, आणि तो उद्या बदलू शकतो हेही धरून चाला. पेट्रोलला हीच मर्यादा पंधरा वर्षांची होती. या पाच वर्षांचा फरक विकायच्या किमतीत दिसतो.

विम्यातही थोडं बारकाईने पाहा. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १५०० सीसी ओलांडली की तो दुपटीहून जास्त होतो. २०२२ च्या दरांत १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७. डिझेल १.६ लिटरचं आणि पेट्रोल १.५ लिटरच्या आतलं असेल तर हा फरक दरवर्षी तुमच्या खिशातून जातो.

तर डायरीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहा. एक, वर्षाला खरे किलोमीटर किती, आणि त्यात हायवेचे किती. दोन, दोन गाड्यांच्या किमतीतला फरक, कर्जाच्या व्याजासकट. तीन, आपल्या गावच्या भावाने किलोमीटरमागे बचत. चार, वर्षाचं सर्व्हिसिंग, विमा आणि एका मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम. पाच, किती वर्षांनी विकणार आणि तेव्हा आपल्या राज्यात ती गाडी कोण घेईल. दुसऱ्या ओळीला तिसरीतल्या वर्षाच्या बचतीने भागा. उत्तर तीन वर्षांच्या आत आलं आणि गाडी हायवेला धावणार असेल, तर डिझेलचा विचार जरूर करा. पाचच्या पुढे गेलं, तर पेट्रोल घ्या आणि निवांत राहा. मधलं आलं, तर सर्व्हिसचा इतिहास ज्या गाडीचा चांगला, ती घ्या.

जुनी डिझेल घेणारच असाल तर इंजिन थंड असताना सकाळी सुरू करून पाहा. धुराचा रंग पाहा. सर्व्हिसच्या नोंदींतले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का ते तपासा. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवत असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा.

सुभेदारांनी पेट्रोल गाडी घेतली. वाचलेले ७५ हजार मुलीच्या फीच्या खात्यात ठेवले. गाडीच्या किमतीची तुलना दुसऱ्या गाडीशी सगळेच करतात. खरी तुलना करायची ती त्याच पैशांत घरात आणखी काय होऊ शकतं त्याच्याशी. हा हिशेब एजंट करणार नाही आणि शेजारीही करणार नाही. तो नवरा-बायकोने एका संध्याकाळी वही घेऊन बसून करायचा असतो.

 जय हिंद.