कलेचा धंदा आणि सावकाशी

व्यापार आणि कला यांचें पटत नाहीं, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. एकाचें लक्ष हुंडीच्या मुदतीवर, तर दुसऱ्याचें रंगाच्या छटेवर. म्हणून घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें, ‘मी मातीचीं भांडीं घडवून, कापड छापून किंवा भरतकाम करून पोट भरीन,’ असें म्हटलें कीं वडील माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या अगदींच निराधार नसतात. कलेच्या धंद्यांत पैसा उशिरां येतो, आणि घरभाडें मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावें लागतें. आजच्या दिवसांत ही ओढाताण अधिकच वाढली आहे. सकाळीं तयार झालेल्या वस्तूचें छायाचित्र दुपारीं शेंकडों मैलांवर पोंचतें, आणि संध्याकाळीं विचारणा येते, ‘अशाच पन्नास वस्तु आठ दिवसांत द्याल काय?’ अशा वेळीं ‘नाहीं, मला सहा महिने लागतील,’ असें उत्तर देणारा मनुष्य वेडा कीं शहाणा?

श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर तर्कानें काढण्यापेक्षां एका खऱ्या पेढीच्या व्यवहारांत शोधणें बरें. ही पेढी लंडन शहरांत १८६१ सालीं निघाली आणि १९४० पर्यंत चालली. तिचा प्राण होता विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म १८३४ सालीं लंडनजवळच्या वॉल्थमस्टो गांवीं झाला. बाप सधन होता. डेव्हनशायरमधील एका तांब्याच्या खाणींत त्याचे भाग होते, आणि त्यांच्या जोरावर मुलाला वयांत येतांच वर्षाकांठीं सुमारें ९०० पौंडांचें उत्पन्न मिळूं लागलें. ही गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे, कारण मॉरिसच्या सावकाशीला पहिला टेकू या खाणीचा होता. ऑक्सफर्डला तो गेला तो धर्मोपदेशक होण्याच्या विचारानें. तेथें त्याचें मन वास्तुकलेकडे वळलें. एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींत त्यानें कांहीं महिने काढले, आणि मग तेंहि सोडून चित्रकला हातीं घेतली. बाहेरून पाहणारास हा सारा धरसोडीचा प्रकार वाटला असल्यास नवल नाहीं.

१८५९ सालीं त्याचें लग्न झालें, आणि फिलिप वेब या मित्रानें त्याच्यासाठीं केंट परगण्यांत तांबड्या विटांचें एक घर बांधण्यास घेतलें. ‘रेड हाउस’ या नांवानें तें पुढें प्रसिद्धीस आलें. घर उभें राहिलें, पण त्यांत ठेवण्याजोगें सामान बाजारांत मिळेना. यंत्रांवर भराभर निघणाऱ्या वस्तूंवर नक्षीचा भडिमार होता, परंतु ओळखून घ्यावा असा हात एकींतहि दिसत नव्हता. तेव्हां मित्रमंडळींनीं स्वतःच कंबर कसली. कोणी भिंती रंगविल्या, कोणी मेजें आणि कपाटें यांचे आराखडे काढले. मॉरिस आणि त्याची पत्नी जेन यांनीं पडद्यांवर भरतकाम केलें. या घरगुती खटाटोपांतूनच १८६१ सालीं ‘मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी’ ही पेढी निघाली. भागीदार सात, प्रत्येकाचें भांडवल आरंभीं एक पौंड, आणि वर मॉरिसच्या आईनें दिलेलें शंभर पौंडांचें कर्ज. चर्चच्या खिडक्यांसाठीं रंगीत कांचा, लांकडी सामान, भरतकाम असें त्यांचें काम असे. १८६२ च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत या नव्या पेढीनें दोन पदकें मिळविलीं.

पदकें मिळालीं, पण तेवढ्यानें पेढीची तिजोरी भरली नाहीं. भिंतीवर चिकटवावयाच्या नक्षीदार कागदांचे ठसे आपणच छापावे, असें मॉरिसनें ठरविलें. जस्ताच्या पत्र्यांवर त्यानें प्रयोग केले, ते साधले नाहींत. तेव्हां हट्ट न धरतां त्यानें छपाईचें काम जेफ्री आणि कंपनी या अनुभवी छापखान्याकडे सोंपविलें. तेथें पेअर वृक्षाच्या लांकडाचे ठसे कोरून, एकेका रंगासाठीं निराळा ठसा वापरून, हातानें कागद छापले जाऊं लागले. आराखडा मॉरिसचा, देखरेख मॉरिसची, आणि छापणारा हात मात्र त्या विद्येंत मुरलेल्या कारागिराचा. सावकाशीचा अर्थ सर्व कांहीं आपणच करीत बसणें असा नव्हे, हें यावरून दिसतें.

सावकाशी आणि ढिलाई यांतहि अंतर आहे, आणि हें अंतर या पेढीला एका आजारी मनुष्यानें शिकविलें. १८६५ सालीं वॉरिंग्टन टेलर हा गृहस्थ पेढीचा व्यवस्थापक झाला. त्याला क्षयाची बाधा होती. अंथरुणाला खिळण्याची वेळ आली तरी पत्रांवर पत्रें लिहून तो भागीदारांना धारेवर धरी. एक काम अर्धवट टाकून दुसरें कां आरंभितां, कामाची किंमत आधीं कां ठरवीत नाहीं, खर्चाचा ताळा कोण घालणार, असा त्याचा सवाल असे. १८७० सालीं तो वारला. त्याच्या कठोर शब्दांचें महत्त्व पुढें दिसून आलें, कारण त्याच सुमारास तांब्याच्या खाणीचें उत्पन्न आटत चाललें होतें. आतां पेढी चालली नाहीं तर घर चालणार नव्हतें. १८७५ सालीं जुनी भागीदारी मोडली. त्या वेळीं भागीदारांत कटुताहि आली. पेढी एकट्या मॉरिसच्या नांवावर ‘मॉरिस आणि कंपनी’ म्हणून नव्यानें उभी राहिली.

येथें घाई करण्यास सर्व कारणें होतीं. उत्पन्न घटलेलें, जबाबदारी एकट्यावर आलेली, वय चाळिशीच्या पलीकडचें. परंतु नेमक्या याच वेळीं मॉरिस रंगाऱ्याची उमेदवारी करण्यास निघाला. १८५६ सालीं अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननें दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला होता, आणि तेव्हांपासून स्वस्त कृत्रिम रंगांनीं बाजार भरून गेला होता. ते झटपट चढत, डोळ्यांत भरत. पण त्यांतील पुष्कळ रंग उन्हांत विटत, आणि विटतांना ओंगळ दिसत. आपल्या नांवानें विकलेला पडदा दोन वर्षांत भकास व्हावा, हें मॉरिसला सोसवेना. स्टॅफर्डशायरमधील लीक या गांवीं थॉमस वॉर्डल याचा रंगकामाचा कारखाना होता. तेथें जाऊन मॉरिसनें बाह्या सावरल्या आणि रंगाच्या हौदांत हात घातले. नीळ, मंजिष्ठाच्या जातीचीं मुळें, अक्रोडाच्या साली, किड्यांपासून निघणारा तांबडा रंग, अशीं जुनीं द्रव्यें घेऊन त्यानें प्रयोग मांडले. प्लिनीसारख्या प्राचीन लेखकांचे आणि सोळाव्या शतकांतील वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ त्यानें त्यासाठीं चाळले. कित्येक दिवस त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत.

निळीचा हौद हा उतावळ्या मनुष्याचा गुरुच म्हणावा. त्यांतून बाहेर काढलेलें कापड प्रथम हिरवट पिंवळें दिसतें. वारा लागला म्हणजे तें हळूहळू निळें होतें. गर्द रंग हवा असेल तर पुन्हां बुडवावें, पुन्हां वाऱ्यावर धरावें. दामदुप्पट मजुरी देऊनहि वाऱ्याचें हें काम लवकर उरकत नाहीं.

१८८१ सालीं मॉरिसनें लंडनच्या दक्षिणेस मर्टन ॲबी येथें, वँडल नदीच्या कांठीं, आपला स्वतःचा कारखाना थाटला. नदीचें पाणी रंगकामास अनुकूल होतें, ही जागा निवडण्यांतील मुख्य गोष्ट. याच कारखान्यांत १८८३ सालीं त्याचें ‘स्ट्रॉबेरी थीफ’ नांवाचें प्रसिद्ध छापील कापड निघालें. बागेंतील स्ट्रॉबेरीचीं फळें चोरणारे पक्षी हा त्याचा विषय. तें छापण्याची रीत अशी : सबंध कापड आधीं निळींत बुडवून गर्द निळें करावयाचें, मग ठशांनीं रंग काढणारें द्रव्य लावून, जेथें पांढरें किंवा फिकट निळें हवें तेथील नीळ उतरवावयाची, नंतर तांबडा रंग, त्यानंतर पिंवळा, आणि मधून मधून धुणें, वाळविणें आहेच. यांत दिवसच्या दिवस जात. पेढीच्या छापील कापडांत याची किंमत अतिशय चढी होती. आश्चर्य असें कीं, तरीहि गिऱ्हाइकांच्या आवडीचें कापड तेंच ठरलें. उशीर लागला म्हणून तें खपलें असें नव्हे. उशिरानें जो गुण त्यांत उतरला होता, तो दुसरीकडे मिळत नव्हता म्हणून तें खपलें.

त्याआधीं, १८७९ सालीं, त्यानें आपल्या निजावयाच्या खोलींत एक उभा माग मांडला होता. भिंतीवर टांगावयाचीं चित्रपटें विणण्याची विद्या इंग्लंडांत जवळजवळ लोपली होती; एक जुनें फ्रेंच पुस्तक समोर ठेवून ती त्यानें एकट्यानें आत्मसात केली. रोज पहांटे उठून तो मागावर बसे आणि किती तास विणलें याची नोंद करी. पहिला पट पुरा होण्यास ५१६ तास लागले. या तासांची किंमत त्याला कोणीं दिली नाहीं. पण त्यांतून त्याला शिकवितां येईल अशी विद्या मिळाली. दुकानांत मदतनीस म्हणून १८७८ सालीं आलेल्या हेन्री डर्ल या तरुणाला त्यानें ती दिली, आणि डर्लनें ती पुढच्या मुलांना दिली. मॉरिसच्या मागें पेढीचें कलाविभागाचें काम याच डर्लनें सांभाळलें. हें सारें चाललें असतां १८७७ सालीं ऑक्सफर्ड स्ट्रीटसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर पेढीचें दुकानहि उघडलेलें होतें, हें विसरूं नये. भिंतीचे कागद आणि छापील कापड यांची विक्री नित्य चाले; पट विणण्यास वर्षें लागत. जलद विकणाऱ्या मालानें संथ कामाचा भार वाहिला.

या कथेला एक कडू बाजूहि आहे. हातानें सावकाश केलेली वस्तु महाग पडते, आणि महाग वस्तु श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत जाते. मॉरिसला हें आयुष्यभर सलत राहिलें. कला सर्वांची असावी असें तो सभांतून सांगे, आणि त्याचे मोठे पट मात्र खाणींवर गबर झालेल्या धनिकाच्या वाड्यांत लागत. १८७९ सालीं बर्मिंगहॅम येथील व्याख्यानांत त्यानें हिंदुस्थानचा उल्लेख केला आणि इंग्रजी व्यापाराच्या लोंढ्याखालीं तेथील हस्तकला कशा मरत आहेत, याबद्दल आपल्याच देशबांधवांना जाब विचारला. १८८३ सालीं तो समाजवादी चळवळींत शिरला. परंतु त्यानें माल स्वस्त करण्यासाठीं हिणकस केला नाहीं, आणि महाग माल विकण्याची टोंचणीहि मनांतून काढून टाकली नाहीं. हा पेंच त्याला सुटला नाहीं. तसा धंदा करणाऱ्या कोणालाहि तो आजवर पूर्णपणें सुटलेला नाहीं.

अखेरचीं वर्षें त्यानें पुस्तकांना दिलीं. १८९१ सालीं काढलेल्या केल्मस्कॉट छापखान्यांत अक्षरांचे नमुने त्याचे स्वतःचे, कागद चिंध्यांपासून हातानें केलेला, आणि छापण्याचें यंत्र हातानें चालविण्याचें. चॉसर कवीच्या ग्रंथांची तेथील आवृत्ति छापण्यास १८९४ च्या ऑगस्टपासून १८९६ च्या मे महिन्यापर्यंत काळ लागला. तींत बर्न-जोन्सचीं ८७ चित्रें होतीं. कागदावरील प्रती ४२५ आणि चर्मपत्रावरील १३. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच गिऱ्हाइकांनीं आपलीं नांवें नोंदवून ठेवलीं होतीं. पहिली प्रत हातीं आली तेव्हां मॉरिस आजारी होता. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला तो वारला. त्याचें वय बासष्ट होतें. मनुष्य म्हणून तो संथ कधींच नव्हता. एका जन्मांत दहा माणसांचें काम त्यानें केलें. संथ होतें तें काम, कारण त्याला लागणारा वेळ तो कापीत नसे.

आतां कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडील माणसांकडे पुन्हां वळूं. मॉरिसला तांब्याची खाण होती, आमच्या मुलीला कोठें आहे, असें ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. कलेच्या धंद्याला पहिल्यानें जें भांडवल लागतें, तें सामानापेक्षां वेळाचें असतें, आणि तें कोणी तरी पुरवावें लागतें. सामान्य कुटुंबांत ती खाण म्हणजे दोन वेळचें जेवण, घरांतील एक रिकामा कोपरा आणि ‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न रोज न विचारणें, एवढीच असूं शकते. एखाद्याला ती अर्ध्या दिवसाच्या नोकरींतहि सांपडेल. उलट, ज्याला हा वेळ मिळतो त्यानें टेलरचा धडा गिरवावा : वहींत रोजचे तास लिहावे, खर्चाचा ताळा घालावा, घेतलेलें काम पुरें करून मग दुसरें धरावें, आणि नित्य खपणारी एखादी लहान वस्तु हाताशीं ठेवावी. एवढा बंदोबस्त असला म्हणजे पन्नास वस्तु आठ दिवसांत मागणाऱ्याला, ‘दहा देतों, दोन महिन्यांनीं देतों, पण रंग जाणार नाहीं,’ असें निर्भयपणें सांगतां येतें. कांहीं गिऱ्हाइकें हें ऐकून परत जातील. जीं थांबतील, त्यांच्यावरच असा धंदा उभा राहतो.